जी-८८२ मॅग्नेटोमीटर: ठाणे खाडीच्या गाळातला दारूगोळा शोधायला कितपत उपयोगी?

जेट्टी, पाइपलाइन किंवा ड्रेजिंगच्या कामाआधी ठाणे खाडीत दारूगोळ्याचा शोध घ्यायला जिओमेट्रिक्सचा जी-८८२ हा पाण्यातून ओढायचा सीझियम मॅग्नेटोमीटर, म्हणजे लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक मोजणारं यंत्र, भाड्याने घ्यावा का? घ्यावा. यंत्र उत्तम आहे. पण त्याच्या आकड्यांवरून 'क्षेत्र सुरक्षित' असा दाखला कोणी देत असेल, तर सेन्सर आणि गाळातली वस्तू यांच्यात किती मीटर अंतर होतं, हे त्याने आधी सिद्ध करावं. ऐरोली, वाशी, बेलापूरच्या पट्ट्यात हे अंतर हमखास फसवतं, आणि पाइलिंग रिगवर किंवा ड्रेजरवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्याच आकड्यावर असतो.

इथे दारूगोळा आला कुठून, असं विचारणारे अजून भेटतात. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. दोन स्फोट झाले, आणि न फुटलेले गोळे आसपासच्या गाळात गेले ते कायमचे. २०११मध्येही गोदीतला गाळ उपसताना ४५ किलोचा जिवंत गोळा निघाला होता. मुंबई बंदर आणि ठाणे खाडी हे एकच पाणी आहे, आणि उपसलेल्या गाळाबरोबर त्यातलं लोखंडही जागा बदलतं. म्हणून या लेखात शोधायची वस्तू ४५ किलोचा लोखंडी गोळा अशी धरली आहे. सर्वेक्षणाच्या कागदावर पहिली ओळ हीच हवी: काय शोधायचं, किती किलोचं, किती खोलीपर्यंत. 'सर्व प्रकारची स्फोटकं' असं लिहिलेलं टेंडर तपासताच येत नाही.

यंत्राविषयी थोडक्यात. 'फिश' म्हणजे ओढायचा भाग १.३७ मीटर लांब, ७ सेंटीमीटर व्यासाचा आणि सुमारे १८ किलोचा. तो खाली बसावा म्हणून ६.४ किलोची वजनं गळ्यात चढवता येतात. वीज २४ ते ३२ व्होल्ट डीसी, म्हणजे होडीत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. चालू केल्यावर सीझियम तापून सिग्नल स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्यावीत. सेकंदाला १० नोंदी घेतल्या आणि होडी ४ नॉट्सने चालवली, तर दर २० सेंटीमीटरला एक आकडा मिळतो. आपल्या कामाला तेवढं पुष्कळ झालं. संवेदनशीलता नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायच्या एककाच्या) हजाराव्या भागात मोजतात, पण खाडीत ती तशी कधीच मिळत नाही. लाटा, होडीची डुलकी आणि आजूबाजूचं लोखंड यांमुळे १ नॅनोटेस्लाच्या आसपास गोंगाट राहतो, आणि हिशेब त्यावरच करायचा.

कंपनीच्या माहितीपत्रकात शोध-अंतरांचा तक्ता आहे. त्यानुसार १०० पौंड, म्हणजे आपल्या गोळ्याएवढं लोखंड ९ मीटरवर अर्धा ते १ नॅनोटेस्ला एवढा फरक दाखवतं. हा तक्ता वाचून '९ मीटरपर्यंत सापडेल' असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका. गोंगाटच १ नॅनोटेस्लाचा असताना अर्ध्याचा सिग्नल दिसणार कसा? सिग्नल अंतराच्या घनाने घटतो. अंतर निम्मं केलं की तो आठपट होतो, म्हणजे साडेचार मीटरवर ४ ते ८ नॅनोटेस्ला. डोळ्यांना आणि सॉफ्टवेअरला विश्वासाने पकडता येणारी पातळी ही. तेव्हा ४५ किलोच्या गोळ्यासाठी सेन्सरपासून वस्तूपर्यंतचं अंतर साडेचार मीटरच्या आत ठेवा.

आता गाळ. फिशला लावलेला सोनार अल्टिमीटर तळापासूनची उंची दाखवतो, पण ठाणे खाडीत 'तळ' म्हणजे नक्की काय? वर थलथलीत गाळाचा थर आणि त्याखाली मऊ सागरी चिकणमाती, काही ठिकाणी दहा मीटरहून जाड. सोनार बहुधा वरच्या थलथलीत थरावरूनच परततो. जड गोळा मात्र त्या थरातून खाली उतरून घट्ट मातीपाशी जाऊन थांबतो. अहवालात 'उंची ३ मीटर' असं लिहिलं असेल आणि गोळा गाळात ३ मीटर खाली असेल, तर खरं अंतर ६ मीटर झालं, आणि ३ मीटरच्या मानाने सिग्नल एक-अष्टमांशावर आला. गाळाची जाडी आधी समजलीच पाहिजे. त्यासाठी सब-बॉटम प्रोफाइलरच्या (आवाजाच्या लहरींनी गाळाचे थर दाखवणाऱ्या यंत्राच्या) काही धावा, म्हणजे होडीच्या सरळ रेषेतल्या फेऱ्या, नाहीतर निदान जेट्टीच्या बोअरहोलचे लॉग आणि बांबूने केलेली साधी चाचपणी. गाळ ३ मीटर असेल तर फिश तळापासून दीड मीटरवर चालवावा लागतो. हे कठीण आहे, पण दुसरा उपाय नाही.

बाहेरून आलेला डेटा-इंटरप्रिटर हमखास चुकतो तो पुढच्या मुद्द्यावर, म्हणून इथे जरा थांबू. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मुंबईच्या अक्षांशावर क्षितिजाशी पंचवीस-सव्वीस अंशांचाच कोन करतं. उत्तर युरोपात ते जवळपास उभं असतं. तिथे लोखंडाच्या बरोबर वर चुंबकीय शिखर येतं आणि पाणबुड्याला शिखरावर उतरवलं की काम होतं. आपल्याकडे तसं होत नाही. केवळ प्रेरित चुंबकत्व (पृथ्वीच्या क्षेत्रामुळे लोखंडात येणारं) धरून गणित केलं तर आपल्या कोनात शिखर वस्तूच्या दक्षिणेला अंतराच्या सुमारे ०.७ पट सरकतं आणि दरी उत्तरेला सुमारे ०.३ पट. वस्तूच्या थेट वर आकडा ऋण असतो. म्हणजे सेन्सर वस्तूच्या ५ मीटर वर असेल तर शिखर साडेतीन मीटर दक्षिणेला आणि दरी दीड मीटर उत्तरेला दिसेल. शिखरावर उतरलेला पाणबुड्या शून्य दृश्यमानतेच्या पाण्यात रिकाम्या गाळात हात फिरवत बसेल आणि शेवटी 'काही नाही' असं लिहून वर येईल. सगळ्यांत धोकादायक नोंद ती हीच, कारण त्यानंतर त्या जागी कोणी पुन्हा बघत नाही. लक्ष्याची जागा नेहमी शिखर-दरीची जोडी धरून, द्विध्रुव-मॉडेल (वस्तू म्हणजे एक छोटा चुंबक धरून केलेलं गणित) बसवून काढायला सांगा. ॲनालिटिक सिग्नलचा, म्हणजे क्षेत्र किती झपाट्याने बदलतं त्याचा, नकाशा सोबत असला तर ताळा करता येतो. गोळ्यात जुनं कायम चुंबकत्व असेल तर हे सगळं फिरतं, तेव्हा शोधाचा घेर मोकळा ठेवावा.

याच कमी कोनाचा आणखी एक परिणाम सेन्सरच्या मांडणीवर होतो. सीझियम सेन्सरचे 'मृत' पट्टे असतात: क्षेत्राची दिशा सेन्सरच्या अक्षाला काटकोनात आली किंवा अगदी समांतर झाली की सिग्नल मरतो. आपल्याकडे क्षेत्र बरंचसं आडवं, उत्तरेकडे. अक्ष फिशच्या लांबीत आडवा ठेवला तर उत्तर-दक्षिण धावेत काम चालतं आणि पूर्व-पश्चिम धावेत आकडे कोसळतात. अक्ष उभा किंवा ४५ अंशांत ठेवला तर चारही दिशांना काम होतं. सेन्सर फिशमध्ये फिरवून बसवता येतो. आधीचा भाडेकरू दुसऱ्या अक्षांशावरून आलेला असू शकतो, म्हणून पाण्यात सोडण्याआधी ही मांडणी स्वतः उघडून पाहा. किनाऱ्यावर, लोखंडापासून दूर, फिश हातात धरून चारही दिशांना फिरवायचा आणि सिग्नलची पातळी बघायची. पाच मिनिटांत उलगडा होतो.

उथळ पाण्यात ओढणं हा या यंत्राचा खरा त्रास. होडीचा वेग जरा कमी झाला की फिश खाली जाऊन चिखलात रुततो. खाडीच्या कडेला जिथे भरतीलाही तीन-चार मीटरच पाणी असतं, तिथे वजनं काढून फिश फोमच्या तराफ्याखाली अर्ध्या मीटरवर बांधणं हा चांगला मार्ग. तराफ्यात लोखंडी खिळा नको. लाकूड, पीव्हीसी आणि पितळी बोल्ट वापरा. होडी फायबरची किंवा लाकडी घ्या, आणि आउटबोर्ड इंजिनही लोखंडच असल्याने होडीच्या लांबीच्या निदान तिप्पट अंतर मागे सोडा. ७ मीटरच्या होडीमागे २५ मीटर केबल बरी.

तराफ्याला बांधलं की फिशची तळापासूनची उंची भरतीबरोबर बदलते. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढ-उतार करतं. सकाळी दोन मीटर असलेली उंची दुपारी चार होते आणि त्याच धावेत गोळा दिसेनासा होतो. खाडीवर चालतं असं वेळापत्रक म्हणजे कडेच्या उथळ चिखलाच्या धावा उधाणाच्या पूर्ण भरतीला, आगेमागे तास-दीड तास, आणि मधल्या खोल पात्राच्या धावा भांगेच्या (लहान भरतीच्या) दिवसांत, जेव्हा प्रवाह मंद असतो. या उलट केलं तर कडेला होडी रुतते आणि मधे फिश वाहत जातो. ३० मीटर केबल प्रवाहाने १० अंश जरी बाजूला गेली तरी फिश ५ मीटर सरकतो, आणि होडीवरच्या आरटीके जीपीएसला त्याचा पत्ताही नसतो. यावर साधा ताळा आहे: ठाऊक असलेल्या एका लक्ष्यावरून एकदा जाताना, एकदा येताना धाव घ्या. दोन जागांमधला फरक निम्मा केला की लेबॅकची, म्हणजे फिश होडीच्या किती मागे आहे त्या अंतराची, चूक कळते. हा ताळा रोज, प्रवाह बदलला की पुन्हा.

धाव टाकण्याआधी दिवाळे, वाशी, घणसोलीच्या कोळीवाड्यांत जाऊन जाळ्यांच्या जागा आणि वेळा विचारून घ्याव्यात. जाळ्यात अडकलेली केबल दोघांचंही नुकसान करते, आणि कुठे जुना नांगर पडलाय, कुठे बार्ज बुडालाय हे तांडेलाइतकं कोणाला माहीत नसतं. लक्ष्यांची यादी निम्मी तिथेच गाळून निघते.

गोंगाटाचे स्थानिक स्रोत समजून घ्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये अलिबागला हलवावी लागली होती, इतका डीसी प्रवाहाचा या मोजमापांवर परिणाम होतो. आता लोकल २५ किलोव्होल्ट एसीवर धावतात, ५० हर्ट्‌झचा भाग गाळता येतो, त्यामुळे तो त्रास कमी झाला आहे. वाशीच्या पुलांचं पोलाद मात्र गाळता येत नाही. पुलाजवळच्या पट्ट्यात हा मॅग्नेटोमीटर आंधळा समजा आणि नकाशावर तो पट्टा 'तपासलेला नाही' अशा रंगात दाखवायला लावा. त्याखेरीज आपला बेसाल्ट. दख्खनचा काळा कातळ स्वतःच चुंबकीय, त्यात ठाणे-पनवेल पट्ट्यात डाइक (कातळाच्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती) भरपूर. गाळ पातळ असेल तिथे कातळाचे उंचवटे शेकडो नॅनोटेस्लांचे चढउतार देतात. कातळाचे चढउतार रुंद आणि गोळ्याचे अरुंद असतात हे खरं, पण कातळ वर आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. दोन जी-८८२ आडव्या चौकटीत दीड मीटर अंतरावर बसवले, तर फरक घेताना कातळाचा बराचसा भाग आणि सूर्यामुळे दिवसभरात होणारा बदल दोन्ही वजा होतात. एकच फिश परवडत असेल तर किनाऱ्यावर बेस-स्टेशन (एका जागी स्थिर मॅग्नेटोमीटर) ठेवणं अटळ. भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे. चुंबकीय वादळ चालू आहे का, हे धाव टाकण्याआधी बघायचा कंटाळा करू नये.

या सगळ्याचा निकाल लागतो तो डमीच्या चाचणीत, आणि ऑर्डरमधून गाळली जाते तीही नेमकी हीच चाचणी. ४५ किलोचा, गोळ्याच्या आकाराचा लोखंडी तुकडा नायलॉनच्या दोराने तळावर ठेवा. आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम. आपलं क्षेत्र आडवं आणि उत्तरेकडे असल्याने पूर्व-पश्चिम पडलेला लांबट गोळा कमी चुंबकीय होतो आणि सिग्नल बराच उतरतो. पास व्हायचं ते या वाईट स्थितीत. धाव थेट डमीवरून घेऊ नका. दोन धावांमधल्या अंतराच्या निम्म्यावर डमी ठेवा, कारण खरा गोळा तिथेच निसटतो. डमी दिसला नाही तर धावांमधलं अंतर कमी करा. साडेचार मीटरच्या हिशेबाने एका फिशला ३ मीटर, दोघांच्या चौकटीला ४ मीटर यापेक्षा जास्त अंतर आम्ही मान्य करणार नाही. १० मीटरच्या धावांवर दिलेला दाखला स्वस्त पडतो, पण त्यात अर्ध्याहून अधिक तळ पाहिलेलाच नसतो.

या यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. पितळी काडतुसं, पितळी फ्यूज आणि ॲल्युमिनियम त्याला कळत नाहीत. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात आणि नवी मुंबईच्या जुन्या भरावात ओढायला पाणीच नसतं. तिथे ईएम६१-एमके२सारखं विद्युतचुंबकीय यंत्र हवं. ते सगळे धातू पकडतं, पण व्यासाच्या साधारण अकरा पटींपेक्षा खोल जात नाही, आणि भरावातल्या राडारोड्यातली प्रत्येक सळई लक्ष्य म्हणून दाखवतं. जमीन भेदणाऱ्या रडारवर खाऱ्या चिकणमातीत पैसे घालवू नका. लहरी वरच्या काही सेंटीमीटरांतच विरतात. आणि जेट्टीचे पाइल दहा-बारा मीटर गाळातून कातळापर्यंत जाणार असतील तर वरून केलेलं कोणतंही सर्वेक्षण पुरेसं नाही. प्रत्येक पाइलच्या जागी पीव्हीसी केसिंगचं बोअर घेऊन त्यात मॅग्नेटोमीटर उतरवावा लागतो, टप्प्याटप्प्याने, आधी मोजून मग पुढे खोदत. खर्च वाढतो. पाइल गोळ्यावर आदळला तर काय होईल, ते समोर ठेवून तो खर्च मांडावा.

लक्ष्यांची यादी हातात आली की बहुतेकांना वाटतं, सगळं उपसून काढलं की झालं. ठाणे खाडीत असं करू नये. खाडीचा मोठा भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२पासून रामसर स्थळ. जुन्या गोळ्याचं कवच गंजलेलं असतं. ग्रॅब लावून ओढलं की फुटण्याचा धोका आहेच, शिवाय टीएनटी गाळात आणि पाण्यात पसरतं, त्याची अमिनो संयुगं बनतात आणि ती शिंपल्यांत साठतात. जर्मनीत कीलजवळ कोल्बर्गर हायडे इथे बुडालेल्या सुरुंगांशेजारी ठेवलेल्या शिंपल्यांत ती प्रत्यक्ष सापडली आहेत. आपल्या खाडीत शिवल्या आणि कालवं गोळा करून संसार चालवणारी घरं आहेत, त्यामुळे हा प्रश्न थेट ताटातला आहे. पहिला पर्याय नेहमी रेषा वळवण्याचा: पाइपलाइन किंवा जेट्टी काही मीटर सरकवून संशयित जागा जशी आहे तशी राहू द्या आणि तिचे अक्षांश-रेखांश कायमच्या नकाशावर नोंदवा. वळवता येत नसेल तर पाणबुड्याने हातातल्या मॅग्नेटोमीटरने जागा पक्की करायची, गाळ हलक्या हाताने बाजूला करायचा, आधी आणि नंतर गाळाचे नमुने टीएनटी, आरडीएक्ससाठी तपासायला पाठवायचे. गाळ-पडदा लावून मोकळं व्हायची पद्धत इथे चालत नाही; प्रवाह नॉटभराच्या वर गेला की पडदा उचलला जातो, म्हणून हे काम भरती-ओहोटीच्या मधल्या थांब्यातच.

गोळा दिसला किंवा हाताला लागला, तर कोणीही तो होडीत घेऊ नये. गंजलेला आहे म्हणून निकामी आहे, असं समजणं जिवावर बेततं. बोया टाका, जागेची नोंद घ्या, मागे फिरा, ११२वर पोलिसांना कळवा. पुढचं काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचं, आणि पाण्याखाली असेल तर नौदलाचं. जागेवरच फोडायचं ठरलं तर पाण्यातला धक्का मासे आणि बंदरात फिरणारे डॉल्फिन मारतो. हवेच्या बुडबुड्यांचा पडदा त्याची तीव्रता कमी करतो, आणि फ्लेमिंगो असतात ते नोव्हेंबर ते मे हे महिने टाळावेत यासाठी ठेकेदाराने लेखी विनंती आधीच देऊन ठेवावी. सर्वेक्षणाचा मात्र पक्ष्यांना फारसा त्रास होत नाही, कारण धावा भरतीला असतात आणि तेव्हा ते नेरुळच्या पाणथळींकडे सरकलेले असतात. अभयारण्याच्या हद्दीत कांदळवन कक्षाची परवानगी तरीही आधी घ्यायचीच.

भाड्याने घेताना ऑर्डरमध्ये लिहून घ्या: अल्टिमीटर आणि खोलीचा सेन्सर दोन्ही बसवलेले, डमी चाचणीच्या सगळ्या धावांचा कच्चा डेटा, प्रत्येक लक्ष्यासमोर सेन्सरपासूनचं अंदाजी अंतर आणि वजन, 'तपासलेला नाही' असा वेगळा रंग असलेला नकाशा, आणि रोजचा लेबॅक ताळा. केबलच्या दोन्ही टोकांचे जोड डोळ्यांनी तपासा. खारं पाणी आत गेलं की आकडे अधूनमधून उडतात आणि ते उडणं नकाशावर अगदी गोळ्यासारखं दिसतं. परत करताना फिश गोड्या पाण्याने धुऊन, जोडांना सिलिकॉन ग्रीस लावून द्या.